घराभोवतीचं झाड आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की माझ्या फोनवर फांद्यांचे फोटो यायला लागतात. खिडकीला टेकलेली, तारेवर झुकलेली, शेजाऱ्याच्या पत्र्यावर आडवी आलेली फांदी, आणि खाली एकच ओळ: "ताई, ही तोडली तर चालेल का?" आमच्या भागातल्या सोसायट्यांना आणि बंगलेवाल्यांना झाडांचे अर्ज लिहून द्यायला मी मदत करते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरी भागासाठी आहेत. गावाकडची जमीन, खाडीकाठ आणि गोवा यांचे प्रश्न शेवटी शेवटी घेतले आहेत.

१. झाड माझ्या जागेत आहे, मीच लावलं, मीच वाढवलं. मग ते तोडायला परवानगी कशाला?

कारण महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्याचं आठवं कलम खाजगी जागेतल्या झाडालाही लागू होतं. झाड तुमचं, फळं तुमची, लाकूडही तुमचंच. मात्र ते पाडायचं की नाही हा निर्णय एकट्या मालकाचा राहिलेला नाही. त्या झाडाची सावली, त्याने अडवलेली धूळ आणि जिरवलेलं पाणी सगळी गल्ली वापरते. मला हा नियम पूर्णपणे रास्त वाटतो. अर्ज लिहून देताना मी लोकांना हे आधीच सांगते.

२. कायद्याच्या लेखी 'झाड' म्हणजे काय? छोटं रोप, नारळ, केळ, बांबू यांचं काय?

वर्षानुवर्षं टिकणारी, लाकडी खोडाची कोणतीही वनस्पती म्हणजे झाड. ती रोपावस्थेत असली तरी झाडच. "अजून हातभरच आहे" किंवा "आपोआप उगवलंय, कुणी लावलेलं नाही" असं म्हणून सुटका होत नाही. केळीला लाकडी खोड नसतं, त्यामुळे ती यात येत नाही. नारळाबद्दल फार लोक गाफील राहतात, त्याच्यासाठीही अर्ज करा. २०१७ साली बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, पण ती दुरुस्ती भारतीय वन कायद्यातली आहे. सोसायटीच्या आवारातलं बांबूचं बेट काढायचं असेल तर उद्यान विभागाला एक पत्र देऊन ठेवा.

३. मला झाड पाडायचं नाही, फक्त फांद्या छाटायच्या आहेत. तरी अर्ज करायचा?

हो. कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं असं सगळं येतं. बुंध्याची साल गोल सोलणं, खोडाला भोक पाडून आत ॲसिड ओतणं, मुळाशी रोज कचरा पेटवणं हेही त्यातच मोडतं. फलक लावण्यासाठी ठोकलेला खिळासुद्धा इजाच आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबातून आम्ही पक्कड लावून खिळे काढले, तेव्हा काही खिळ्यांवर साल एवढी चढली होती की फक्त गंजलेला ठिपका दिसत होता.

परवानगी मिळाल्यावर छाटणी कशी होते याकडेही लक्ष द्या. जाड फांदी वरून एका दमात कापली की ती आपल्याच वजनाने मोडते आणि खोडावरची हातभर साल ओढून खाली नेते. त्यासाठी आधी खोडापासून वीतभर अंतरावर फांदीला खालून खाच घ्यायची, मग थोडं पुढे वरून कापायचं आणि उरलेला खुंट शेवटी वेगळा काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कंगोरा असतो. तो शाबूत ठेवला तर जखम भरून येते. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पालवी उतरवू नका. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या की तोल जातो, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात झाड दुसऱ्या बाजूला कलतं.

४. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

महापालिकेच्या उद्यान किंवा वृक्ष विभागाकडे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे असतो. बहुतेक मोठ्या पालिकांत तो ऑनलाइन भरता येतो, नाहीतर वॉर्ड ऑफिसात द्यायचा. त्यात झाडाची जात, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर टेपने मोजलेला घेर, अंदाजे वय, जागेचा साधा नकाशा, मालकीचा कागद आणि कारण लिहायचं. फोटो चार बाजूंनी काढा. त्यातल्या एकात बुंधा आणि घराची भिंत दोन्ही दिसली पाहिजेत.

सोसायटीचं झाड असेल तर अर्ज सचिवांच्या सहीने, लेटरहेडवर आणि कमिटीच्या ठरावाच्या प्रतीसह जातो. एकट्या सभासदाचा अर्ज बहुधा परत येतो. भाडेकरूंनी मालकाचं संमतीपत्र जोडावं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात तोच क्रमांक लागतो.

५. अर्ज दिल्यानंतर काय होतं? उत्तरच आलं नाही तर?

वृक्ष अधिकारी किंवा त्यांचा माणूस जागेवर येऊन पाहणी करतो. झाड तोडायचा प्रस्ताव असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात निघते, झाडावर नोटीस चिकटवली जाते आणि हरकती मागवल्या जातात. शेजाऱ्याने हरकत घेतली म्हणून चिडू नका, तो त्याचा हक्क आहे. परवानगी मिळाल्यावरही लगेच कुऱ्हाड लावता येत नाही, मध्ये पंधरा दिवस थांबायचं असतं. ज्याला दाद मागायची आहे त्याला वेळ मिळावा म्हणून ही तरतूद आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. हे पंधरा दिवस किती मोलाचे आहेत ते त्या रात्री साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र पाठवा. तरी हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारा, त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "मुदत संपली, म्हणजे मूक परवानगी मिळाली" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हातात कागद नसताना केलेली तोड निस्तरताना मी लोकांना फार त्रास होताना पाहिलं आहे.

६. कोणत्या कारणांसाठी परवानगी मिळते?

झाड मेलेलं असणं, रोगाने पोखरलेलं असणं, वाऱ्याने उन्मळलेलं असणं, जीवाला किंवा मालमत्तेला धोका असणं, रहदारीला अडथळा होणं. पानांचा कचरा होतो, पार्किंगला जागा हवी, दुकानाची पाटी झाकली जाते, वास्तुशास्त्रात बसत नाही, ही कारणं चालत नाहीत आणि चालूही नयेत. अंधार होतो, डास होतात अशा तक्रारींवर हलकी छाटणी पुरते. अर्ज करताना तोडण्याऐवजी छाटणीच मागितली तर निर्णय लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

७. झाड धोकादायक झालंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नुसता कल पाहून घाबरू नका. वीस वर्षं तिरकं वाढलेलं झाड मुळांनी स्वतःला सावरून घेत असतं. नव्याने आलेला कल मात्र वाईट. बुंध्याच्या एका बाजूची माती उचललेली दिसते, दुसऱ्या बाजूला भेग पडते. पाऊस पडून गेल्यावर बुंध्याशी किंवा मुळांवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या असतील तर आत लाकूड कुजत आहे. शेंड्याकडच्या फांद्या ऐन पालवीच्या दिवसांत उघड्या राहिल्या तरी तीच शंका घ्या. लाकडी हातोडीने खोडावर ठोकून पाहा, पोकळ जागी आवाज बदलतो. पण पोकळी म्हणजे मरण नव्हे. जुने वड आणि चिंचा पोटात मोठी ढोली घेऊन पिढ्यान् पिढ्या उभे असतात.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि पर्जन्यवृक्षाचा पसारा फार मोठा होतो, म्हणून या दोघांवर एप्रिलपासूनच नजर ठेवा. २०१७ साली चेंबूरमध्ये रस्त्याने चाललेल्या महिलेवर नारळाचं झाड कोसळून तिचा जीव गेला. धोक्याची तक्रार लेखी करा आणि तिचा पाठपुरावा सोडू नका.

८. झाड आत्ता, या क्षणी पडायला आलंय. अर्जाची वाट कशी बघणार?

बघू नका. आधी खालची माणसं आणि गाड्या हलवा, मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत पालिकेचा १९१६ हा क्रमांकही आहे. झाड तारांवर टेकलं असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणीही जवळ जायचं नाही. कापण्याआधी आणि कापताना फोटो, व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा. जेवढ्याने धोका टळतो तेवढंच कापा. एका फांदीचं निमित्त करून अख्खं झाड काढलेलं नंतरच्या पंचनाम्यात सहज लक्षात येतं, कारण कापलेलं लाकूड जिवंत होतं की कुजलेलं हे तिथेच दिसतं.

९. आमच्या अंगणातलं आंब्याचं झाड आजोबांच्या वेळचं आहे. त्याला वेगळे नियम आहेत का?

आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' असा दर्जा दिला. शिवाय भरपाईचा हिशेब वयाशी जोडला. जेवढी वर्षं त्या झाडाचं वय, तेवढी झाडं लावायची. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओटॅगिंग व्हायला हवं आणि सात वर्षं जोपासना करायची. साठ वर्षांच्या आंब्यासाठी साठ झाडं सात वर्षं सांभाळायला घरगुती अंगण पुरत नाही. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की बरेच लोक घराचा नकाशा दोन फूट सरकवायला तयार होतात.

१०. शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्यात. आम्ही कापू शकतो का? आणि फळं?

आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापण्याचा हक्क दिवाणी कायदा मानतो. पण त्या हक्काने पालिकेच्या परवानगीची अट पुसली जात नाही (प्रश्न ३ पाहा). आधी शेजाऱ्यांशी बोला, मग शक्यतो दोघांच्या सहीने एकच अर्ज द्या. फळं झाडाच्या मालकाची. तुमच्या गच्चीवर लोंबणारी कैरीसुद्धा त्याचीच, विचारून घ्या. मुळं कुंपणाच्या भिंतीत शिरली असतील तर ती स्वतः तोडू नका. एका बाजूची जाड मुळं कापली की झाडाचा आधार जातो, आणि ते पडलं तर दोष तुमच्यावर येतो.

११. सोसायटीच्या कमिटीने सभासदांना न विचारता छाटणीच्या नावाखाली झाड बोडकं केलं. काय करता येईल?

कमिटीकडे परवानगीपत्राची प्रत लेखी मागा. पत्रात किती फांद्या, कोणत्या झाडाच्या, हे लिहिलेलं असतं. जागेवरचं चित्र त्याच्याशी जुळत नसेल तर फोटोंसह वृक्ष अधिकाऱ्याकडे तक्रार करा. पावसाळ्याआधी पालिका सोसायट्यांना धोकादायक फांद्या काढण्याच्या नोटिसा देते. ती नोटीस म्हणजे सरसकट छाटणीची परवानगी नव्हे. पुढचा मार्ग प्रश्न १८ मध्ये आहे.

१२. इमारत पुनर्विकासाला जाते आहे. झाडांचं काय होणार?

करारावर सही करण्याआधी आवारातल्या प्रत्येक झाडाची यादी करा, जात, घेर आणि फोटोसह. ती यादी कराराला जोडायला लावा. बिल्डरच्या प्रस्तावात किती झाडं राखणार, किती हलवणार, किती तोडणार हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. 'पुनर्रोपण' या शब्दावर समाधान मानू नका. मोठं झाड मुळांच्या पुरेशा गड्ड्यासह उचलणं, लगेच योग्य खड्ड्यात बसवणं आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी देणं हे सगळं झालं तरच ते जगतं. नव्या जागेचा पत्ता आणि पाण्याची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी लिहून घ्या.

१३. महावितरणची माणसं येऊन फांद्या तोडून गेली. त्यांना परवानगी लागत नाही का?

तारांना अडथळा होणाऱ्या फांद्या काढण्याची तरतूद २००३ च्या वीज कायद्यात आहे. ती तारेपुरतीच आहे. तारेपासून लांबच्या फांद्या तोडल्या किंवा झाड मधूनच छाटलं, तर उपअभियंत्याकडे आणि उद्यान विभागाकडे तक्रार करता येते. तोडलेल्या फांद्या उचलून नेण्याबद्दलही त्यांना तिथेच विचारा.

१४. आवारात पेव्हर ब्लॉक घालतोय. बुंध्यापर्यंत घातले तर चालतील का?

नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. तोच मीटरभर मोकळा भाग आपणही धरून चाला. आम्ही पूर्वी राहायचो त्या सोसायटीत पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला घट्ट काँक्रीटचा कट्टा बांधला होता. आम्ही संध्याकाळी त्यावर बसायचो, कुणाला काही चुकतंय असं वाटलंही नाही. काही वर्षांनी जुलैच्या एका पावसात ते झाड समूळ आडवं झालं. कट्टा फुटला तेव्हा आत मुळं दिसली. बाहेर जायला वाट न मिळाल्याने ती बुंध्याभोवतीच वेटोळी घेऊन गुंडाळली होती, आणि खालची कुजून काळी पडली होती. तुमच्या आवारात असा कट्टा असेल तर तो या उन्हाळ्यात फोडून घ्या. छिन्नी-हातोडीने, हळू, मुळं जपून.

१५. इमारतीच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. तो काढायलाही परवानगी?

शब्दशः वाचलं तर रोपही झाडच आहे (प्रश्न २). शिवाय पिंपळाची मुळं चिरांमधून स्लॅबपर्यंत जातात, त्यामुळे थांबणंही परवडत नाही. फोटो काढा, उद्यान विभागाला पत्र द्या आणि रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा. मनगटाएवढं होईपर्यंत थांबलात तर भिंत फोडावी लागेल. दर पावसाळ्यानंतर गच्ची आणि पाइपांच्या मागची जागा पाहिली तर ही वेळ येत नाही.

१६. छाटणीची परवानगी आहे, पण झाडावर पक्ष्यांची घरटी आहेत. पुढे काय?

थांबा. वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पालिकेचं परवानगीपत्र ते काढून घेऊ शकत नाही. बगळे आणि रातबगळे शहरात एकाच झाडावर डझनांनी घरटी करतात, तीही नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणूनच छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी असं मी सांगते. तेव्हाही फांदीवर घरटं दिसलंच तर पिल्लं उडेपर्यंत ती फांदी सोडून बाकीचं काम करा.

१७. विनापरवाना झाड तोडलं तर शिक्षा काय?

१९७५ च्या मूळ कायद्यात एक ते पाच हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद होती. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा एक लाखापर्यंत नेली. प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल परिसराच्या संरक्षित पट्ट्यात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी दर झाडामागे एक लाख रुपये दंड कायम ठेवला. तो निकाल उत्तर प्रदेशातला असला तरी न्यायालयं आता या गुन्ह्याकडे कशी पाहतात ते त्यातून कळतं.

१८. समोर आत्ता तोड चालू आहे. मी काय करू?

आधी परवानगीपत्र दाखवायला सांगा, शांतपणे. नसेल तर व्हिडिओ काढा. त्यात झाड, माणसं, वाहन आणि आजूबाजूची ओळखता येईल अशी खूण दिसू द्या. उद्यान विभागाला आणि ११२ वर फोन करा. पंचनामा होईपर्यंत लाकडं हलू देऊ नका, निदान बुंध्याचा उरलेला खुंट टेपसह मोजून फोटो घ्या. खुंट रातोरात उखडून वर माती टाकली जाते, म्हणून हे त्याच दिवशी करायचं. मजुरांवर हात उगारू नका, शिवीगाळ नको. त्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं, त्या माणसाचं नाव विचारून घ्या.

१९. झाड पडून माझ्या गाडीचं नुकसान झालं. भरपाई कोण देणार?

सर्वंकष विमा असेल तर पहिला दावा तिथेच करा. सोसायटी किंवा पालिकेकडून भरपाई मागायची तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. म्हणजे धोका त्यांना माहीत होता आणि तरी त्यांनी काही केलं नाही, हे दाखवावं लागतं. तिथे तुमचं जुनं तक्रारपत्र आणि आवक क्रमांक कामी येतो.

२०. गावाकडच्या आमच्या जमिनीतला साग किंवा आंबा तोडायचा आहे. तिथे कोणता कायदा?

तिथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम. त्याच्या यादीत सोळा झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळ. यातलं काहीही तोडायचं तर परवानगी लागते, आणि लाकूड रस्त्यावर आणायचं तर वनविभागाचा वाहतूक पास. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का तेही पाहा. नसेल तर तलाठ्यांकडे आधी ती करून घ्या. गाव नगरपंचायतीत किंवा महापालिकेत गेलं असेल तर कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करायचा ते लेखी विचारा.

२१. आमच्या प्लॉटच्या कडेला खाडी आहे आणि थोडं कांदळवन. ते साफ करता येईल?

नाही, मालकी तुमची असली तरीही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. कांदळवनाभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यातही बांधकाम आणि भराव करता येत नाही. असा प्लॉट विकत घेणार असाल तर भरतीच्या वेळी स्वतः जाऊन पाणी कुठवर येतं ते पाहा.

२२. गोव्यात आमचं जुनं घर आहे. तिथे हेच नियम का?

नाही, तिथे १९८४ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि अर्ज वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. माडाची गोष्ट लक्षात ठेवा. २०१६ मध्ये माड 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यावर लोकांनी एवढा आवाज उठवला की २०१७ मध्ये तो परत आत आला आणि त्याला राज्यवृक्षाचा मान मिळाला. म्हणजे अंगणातला माड तोडायलाही परवानगी हवीच.

२३. परवानगी एका झाडाची होती, कंत्राटदाराने दोन तोडली. जबाबदार कोण?

दोघंही अडचणीत येता. परवानगीपत्र तुमच्या नावावर असतं, त्यामुळे पहिली विचारणा तुमच्याकडेच होते. मुंबई मेट्रोला सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली होती. तिने त्यापुढे जाऊन जास्त झाडांची परवानगी मिळवली, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये तिला दहा लाख रुपये भरायला लावले. कामाच्या आदल्या दिवशी परवानगी असलेल्या झाडावर चुन्याने ठळक फुली मारा, बाकीच्या झाडांना दोरी बांधा आणि कंत्राटदारासोबत त्यांचा फोटो काढा. कुऱ्हाड चालेल तेव्हा घरातलं कुणीतरी तिथे उभं राहा. तोडल्यापासून तीस दिवसांत बदली झाड लावायचं असतं, त्याचा खड्डाही त्याच मजुरांकडून त्याच दिवशी खणून घ्या.